दिवाळीची सुट्टी की जानेवारीचा शेवट? अंटार्क्टिका क्रूझच्या तारखेचं एक प्रकरण

पुण्यातलं चौघांचं घर. नवरा भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट चालवतो, बायको बँकेत अधिकारी, मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत नववीला. आजी ६७ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कुटुंब नमुन्यादाखल घेतलं आहे. पंचांगाच्या तारखा, हंगाम आणि नियम मात्र खरे आहेत. त्यांच्यापुढचा पेच दक्षिण गोलार्धाची क्रूझ ठरवणाऱ्या जवळपास प्रत्येक मराठी घरात उभा राहतो.

त्यांच्या हातात २०२६-२७ च्या हंगामातले १९ दिवस आहेत. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी दहावीत, म्हणजे विषयच संपला. मुलीला पेंग्विनची पिल्लं पाहायची आहेत, वडिलांना देवमाशांचे फोटो हवे आहेत. आजींना बर्फाचे डोंगर बघायचेत, पण बोट लागण्याची धास्ती आहे. आईच्या दोनच अटी: दिवाळी घरी आणि मार्च नको.

एजंटाने समोर ठेवलेला प्रस्ताव असा. अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून ३ नोव्हेंबरला सुटणारी दहा रात्रींची फेरी. भाव हंगामातला सर्वांत खालचा, 'दिवाळीच्या सुट्टीत नेमकी बसते' ही जाहिरात, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर करड्या लवेचं गुबगुबीत पिल्लू. त्या पानावरची तारीख खरी मानली तर चित्र खोटं ठरतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंटार्क्टिक द्वीपकल्पावर (दक्षिण अमेरिकेच्या दिशेने निघालेला अंटार्क्टिकाचा लांबोडका भाग, या क्रूझ तिथेच जातात) पिल्लू सोडाच, बहुतेक वस्त्यांवर अंडंही नसतं.

हंगाम का आणि किती

अंटार्क्टिकाभोवतालचा समुद्री बर्फ सप्टेंबरमध्ये सर्वाधिक पसरलेला असतो आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सर्वांत आकसलेला. पर्यटक जहाजं ऑक्टोबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंतच जातात ती या चक्रामुळे. भारताची पहिली मोहीमसुद्धा याच दिनदर्शिकेवर चालली: ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. आजही वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राला माणसं आणि सामान पोचवायचं ते दक्षिणेकडच्या उन्हाळ्यातच.

एप्रिल-मे हा आपल्याकडे सहलींचा राजा, पण तिकडे तेव्हा दार बंद झालेलं असतं. त्यामुळे 'परीक्षा झाल्यावर मे महिन्यात जाऊ' हा पर्याय यादीतच धरू नये. हे ऐकून बरीच घरं नाद सोडतात, तेही चूक. पाच महिने खुले आहेत आणि त्यातला प्रत्येक महिना वेगळा आहे.

महिना काय ठरवतो

द्वीपकल्पावर प्रवाशांना मुख्यतः तीन जातींचे पेंग्विन भेटतात: जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली. अडेली सर्वांत घाईचे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अंडी, डिसेंबरच्या उत्तरार्धात पिल्लं, आणि फेब्रुवारी लागता लागता बरीचशी वस्ती रिकामी. जेंटूंची अंडी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे येतात. घरट्यांची जागा जमिनीवरचं बर्फ वितळल्यावरच मोकळी होते, त्यामुळे ज्या साली बर्फ उशिरापर्यंत टिकतं त्या साली सगळंच पुढे सरकतं. उबवण्याला सुमारे ३५ दिवस लागतात. म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं फुटतात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लू आईबापांच्या पोटाखाली असतं. दिसलंच तर डोकं दिसतं. तीन-चार आठवड्यांचं झालं की ते घरट्यातून बाहेर पडतं, पिल्लांचे घोळके होतात आणि दोन्ही पालक खाणं आणायला समुद्रावर जाऊ लागतात. परतलेल्या आईमागे दोन पिल्लं धडपडत, आपटत धावताहेत हे दृश्य जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचं. मुलीला हवं होतं ते नेमकं हे. माहितीपत्रकात फक्त 'पेंग्विन' लिहिलं होतं, म्हणून ते कधी दिसतं हे कुणी विचारलंच नाही.

फेब्रुवारीअखेर पिल्लं पिसं बदलून पाण्यात उतरतात आणि मोठे पेंग्विन पिसं झडताना उपाशीपोटी, उदासवाणे उभे राहतात. तेव्हाची वस्ती चिखल, विष्ठा आणि पिसांनी भरलेली असते. वास जहाजाच्या डेकपर्यंत येतो.

देवमाशांचं वेळापत्रक उलटं. हंपबॅक जातीचे देवमासे दक्षिणेकडच्या हिवाळ्यात कोलंबिया, इक्वेडोरच्या उबदार पाण्यात वीण करतात आणि खाण्यासाठी द्वीपकल्पाकडे येतात. डिसेंबरपासून संख्या वाढत जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत जास्त असते. जेर्लाश सामुद्रधुनी आणि विल्हेमिना उपसागर ही त्यांची ठरलेली ठिकाणं. क्रिलने, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांनी, पोट भरलेले देवमासे तेव्हा बोटीजवळ निवांत तरंगताना दिसतात.

बर्फाचं गणित आणखी तिसरं. नोव्हेंबरात सगळं कोरं, पांढरंशुभ्र, माणसाचं पाऊल न पडलेलं. जानेवारीत किनाऱ्याचे खडक उघडे पडतात. फेब्रुवारीत उरलेल्या बर्फावर शेवाळाच्या हिरव्या-गुलाबी छटा चढतात. हिमनद्या आणि हिमखंड मात्र पाचही महिने असतात. आजींच्या 'बर्फाच्या डोंगरा'ला महिन्याचं बंधन नाही.

याचा अर्थ कोरं बर्फ, धावणारी पिल्लं आणि देवमाशांची गर्दी या तीन गोष्टी एका फेरीत पुरेपूर मिळत नाहीत. दोन मिळतात. कुठल्या दोन, हे घरात बसून आधी ठरवायचं. इथे तो निर्णय सोपा होता: पिल्लं आणि देवमासे. कोऱ्या बर्फासाठी हट्ट धरणारं कुणी नव्हतं.

दिवाळीचा हिशोब

दिवाळीच्या सुट्टीचा मोह खरा आहे, म्हणून त्याची नीट तपासणी करायला हवी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे: लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला येतं, त्याच्या पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबरला. अंटार्क्टिकाचा हंगाम काही पंचांगाप्रमाणे सरकत नाही. अधिक मास येऊन दिवाळी मागे ढकलली गेली की तेवढ्या वर्षी सुट्टी आणि हंगाम एकमेकांना शिवतात. एरवी दिवाळी संपते तेव्हा हंगामातलं पहिलं जहाज जेमतेम निघालेलं असतं. ज्यांना दिवाळीतच जायचं आहे त्यांनी वर्ष निवडताना आधी अधिक मास पाहावा.

आता ३ नोव्हेंबरची फेरी. मुंबईहून ३० ऑक्टोबरच्या सुमाराला निघावं लागेल, जहाज १३ ला परत येईल, घरी पोचायला १६-१७. लक्ष्मीपूजन भर द्वीपकल्पावर. आईची पहिली अट तिथेच मोडते. भाऊबीज करून १२ नोव्हेंबरला निघायचं म्हटलं तर जहाज १६ ते २६, घरी ३० नोव्हेंबर. त्यात दिवाळीच्या सुट्टीतले फार तर आठ-दहा दिवस येतात, उरलेली शाळा बुडतेच. म्हणजे 'शाळा न बुडता' हा दिवाळीचा मुख्य फायदा कागदावरच राहिला.

नोव्हेंबरच्या मध्याची फेरी काही वाईट नसते. वीण सुरू झालेली असते, घरट्यासाठी गारगोट्यांची चोरी आणि त्यावरून भांडणं चालू असतात, बर्फ देखणं असतं, भाव कमी असतो. पण लेमेअर खाडीसारखा ११ किलोमीटरचा अरुंद मार्ग तेव्हा बऱ्याचदा बर्फाने तुंबलेला असतो आणि दक्षिणेकडच्या जागा गळतात. आणखी एक बारीक मुद्दा: ओझोनचं छिद्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत मोठं असतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरून येतं. पांढऱ्या बर्फावरून परतणारं ऊन आणि वर पातळ ओझोन, यामुळे नोव्हेंबरात कातडी लवकर भाजते.

दिवस लहान असेल ही शंकाही निघाली होती. ६५ अंश दक्षिण अक्षांशावर २१ डिसेंबरला दिवस २१ तासांहून मोठा असतो. १० नोव्हेंबर आणि २८ जानेवारी या दोन तारखांना मात्र तो सारखाच, सुमारे १८ तासांचा असतो, कारण दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. फेब्रुवारीच्या मध्याला १६ तास, मार्चच्या मध्याला साडेबाराच्या आसपास. उजेडाच्या बाबतीत नोव्हेंबर आणि जानेवारीअखेर यांत निवडण्यासारखं काही नाही. मार्च मात्र उघडच मागे पडतो.

उरलेल्या दोन खिडक्या

नाताळची फेरी लगेच खोडली. भाव सर्वांत चढा, मुंबईहून विमानाचं तिकीटही तेव्हाच महाग, आणि बँकेत ३१ डिसेंबरची तिमाही अखेर. शिवाय जेंटूंची पिल्लं तेव्हा नुकती फुटत असतात, म्हणजे पोटाखाली. सर्वाधिक पैसे मोजून मुलीला हवं ते दिसत नाही.

खरी लढत जानेवारीचा शेवट आणि १० ते २० फेब्रुवारी यांच्यात होती. देवमाशांसाठी फेब्रुवारी सरस, हे मान्य करायला हवं. फक्त वडील कॅमेरा घेऊन एकटे जाणार असते तर तीच तारीख योग्य ठरली असती. पण फेब्रुवारीत अडेली निघून गेलेले असतात, नववीची वार्षिक परीक्षा जवळ येते, आणि परतीला दोन दिवस उशीर झाला की बँकेतल्या मार्चच्या तयारीला धक्का लागतो. आजींच्या पायाखालची जमीनही तेव्हा अधिक निसरडी असते. जानेवारीच्या शेवटी देवमासे चांगल्या संख्येने आलेले असतात, पिल्लं घोळक्यात असतात, बहुतेक मार्ग मोकळे असतात, आणि दुपारचं तापमान शून्य ते तीन अंशांच्या आसपास असतं. वारा नसला तर महाबळेश्वरच्या थंडीपेक्षा फार वेगळं वाटत नाही. वारा सुटला की दोन मिनिटांत वेगळं वाटतं.

निवड झाली ती २४ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२७ या फेरीची.

आजींचा प्रश्न: ड्रेक आणि लँडिंग

उशुआयाहून बीगल चॅनेल ओलांडला की ड्रेक पॅसेज लागतो. केप हॉर्नपासून साउथ शेटलंड बेटांपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर उघडा समुद्र, जहाजाला जाताना दीड ते दोन दिवस आणि येताना तेवढेच. या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेही जमीन आडवी येत नाही, म्हणून पश्चिमेकडून येणारी वादळं एकामागून एक विनाअडथळा फिरत राहतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत जोर थोडा कमी असतो, पण कुठल्याही महिन्यात शांत ड्रेकची हमी नाही. दर चार-पाच दिवसांनी एखादा कमी दाबाचा पट्टा जातो. तुमचे दोन दिवस त्याच्या आधी पडले की मागे, हा नशिबाचा भाग. जहाजावरची मंडळी शांत असला तर 'ड्रेक लेक' म्हणतात, नसला तर 'ड्रेक शेक'. तारीख निवडून ड्रेक टाळता येत नाही, केबिन निवडून सोसता येतो.

खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन सर्वांत कमी हलते. ती बहुधा सर्वांत स्वस्तही असते, कारण बाल्कनीऐवजी गोल खिडकी मिळते. चौघांसाठी एकच चार बिछान्यांची केबिन घेतली असती तर आणखी स्वस्त पडलं असतं, पण वरच्या बिछान्यावर चढउतार करावी लागते. म्हणून शेजारशेजारच्या दोन जोड केबिन. आजी आणि नात एकीत.

बोट लागण्याची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बीगल चॅनेलमध्येच, समुद्र शांत असताना घ्यायची. तिने झोप येते, आणि झोपेच्या गुंगीत डोलत्या जहाजावर उठणं ही वयस्कर माणसासाठी मळमळीपेक्षा मोठी जोखीम. कानामागे लावायची पट्टी काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांना चालत नाही. दोन्हींबाबत आजींच्या नेहमीच्या औषधांची यादी दाखवून डॉक्टरांना आधी विचारायचं, आणि पहिली गोळी घरी एकदा घेऊन पाहायची. ड्रेकमधल्या दुखापती बहुतांशी पडण्याच्या आणि दारात बोटं चेमटण्याच्या असतात. एक हात सतत कठड्याला, दार धरायचं ते मुठीने, कडेला बोटं घालून नाही. रात्री बाथरूमचा दिवा लावून ठेवायचा.

चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज पकडण्याचा पर्याय आजींसाठी विचारात घेतला. उड्डाण दोनेक तासांचं, ड्रेक पूर्ण टळतो. पण तिथली धावपट्टी खडीची आहे आणि ढग खाली आले की विमान दिवसदिवसभर थांबतं. सुट्टी १९ दिवसांत कोंबलेली असताना असा दिवस परवडत नाही. भाव जास्त, वर चिलीच्या व्हिसाचं वेगळं काम. ज्यांना बोट खरोखरच सोसत नाही आणि हातात तीन-चार दिवस सुटे आहेत, त्यांनी तो जरूर घ्यावा.

लँडिंग म्हणजे झोडियाक या रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरणं. जहाजाच्या शिडीच्या तळाशी बोट लाटेबरोबर वरखाली होत असते. खलाशाचा हात मनगटाला धरायचा (पंजाला नव्हे, ओले हातमोजे सटकतात), बोट वर येईपर्यंत थांबायचं, मग बोटीच्या कडेवर पाय आणि लगेच बसायचं. किनाऱ्यावर कडेवरून पाय फिरवून घोटाभर ते गुडघाभर पाण्यात उतरायचं. ऑपरेशन झालेला गुडघा इथे जितका वाकावा लागतो तितका पुढच्या चालण्यात लागत नाही. त्यामुळे सराव चालण्याचा नाही, पायरीचा: घरातल्या जिन्यावर कठडा न धरता, एका पायावर भार देत रोज वीस-पंचवीस वेळा, निघण्याआधी निदान तीन महिने. हे जमत नसेल तर आजी बोटीतून न उतरता हिमखंडांमधून फेरी मारू शकतात. बहुतेक फेऱ्यांत तशी सोय असते आणि तीही कमअस्सल नाही.

महिन्याचा संबंध इथेही येतो. नोव्हेंबरात किनाऱ्यालाच बर्फाची कंबरभर भिंत असू शकते, कर्मचारी फावड्याने पायऱ्या खोदतात, आणि वरच्या भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत रुततो. जानेवारीअखेर गोल, ओले दगड लागतात. दोन्हीत काठी हवीच, पण कृत्रिम सांध्याला अवचित रुतण्यापेक्षा दिसणारा दगड परवडतो.

जहाजाचा आकार हाही वेळेचाच प्रश्न

अंटार्क्टिकात पर्यटन चालवणाऱ्यांच्या संघटनेचा, १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आयाटोचा, नियम असा की एका जागी एका वेळी १०० हून जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही. एजंटाच्या दुसऱ्या पत्रकात असंच एक मोठं जहाज होतं: भाव निम्म्याच्या आसपास, डोलणं कमी, पोहण्याचा तलाव. त्यातून अंटार्क्टिका काचेतून दिसतो. पत्रकात 'अंटार्क्टिका दर्शन' लिहिलेलं असतं. 'दर्शन' या शब्दावर थांबून प्रश्न विचारायचा.

५०० च्या आतल्या जहाजांतही फरक आहे. ९० ते १०० प्रवाशांच्या जहाजावर सगळे एकदम उतरतात. १९० चं असेल तर दोन पाळ्या, ४०० चं असेल तर चार. एका जागी जहाजाला मिळणारा वेळ ठरावीक असतो, तो पाळ्यांत वाटला जातो. मार्चमध्ये दिवस साडेबारा तासांचा असताना चार पाळ्यांचं जहाज घेतलं तर किनाऱ्यावर माणशी मोजकाच वेळ उरतो. जानेवारीत १८ तासांच्या उजेडात दोन पाळ्या सहज बसतात, म्हणून १९० च्या आसपासचं जहाज इथे मध्यम मार्ग ठरलं: फार लहान नाही, त्यामुळे ड्रेकमध्ये बरं, आणि दिवसाला दोन लँडिंगची शक्यता कायम.

भावाची तुलना रात्रींवर करू नये. दहा रात्रींच्या फेरीत चारेक दिवस ड्रेकमध्ये जातात आणि द्वीपकल्पावर साधारण पाचच पूर्ण दिवस मिळतात. आठ रात्रींची 'स्वस्त' फेरी तेवढेच दिवस ड्रेकमध्ये घालवते आणि द्वीपकल्पाला तीन दिवस देते. एकूण रक्कम भागिले द्वीपकल्पावरचे पूर्ण दिवस, हा आकडा काढला की स्वस्त-महाग बऱ्याचदा जागा बदलतात.

साउथ जॉर्जिया बेटाचा विषय निघाला आणि लगेच मागे पडला. किंग पेंग्विनच्या प्रचंड वस्त्या तिथे आहेत, पण त्या फेरीला जहाजावरच १८-२० दिवस लागतात. वेगळ्या वर्षाचा, वेगळ्या रजेचा मामला.

तारखा मांडताना

आराखडा असा झाला. २० जानेवारी, बुधवारी मुंबईहून प्रस्थान. संक्रांत घरी झालेली. थेट विमान नाही. दोहा, दुबई किंवा आदिस अबाबामार्गे, पुढे बहुधा ब्राझीलमध्ये थांबून ब्युनोस आयर्स. घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे. २१ ला तिथे विश्रांती. २२ ला साडेतीन तासांच्या विमानाने उशुआया, तिथे दोन रात्री. २४ ला दुपारी जहाजावर. २५-२६ ड्रेक, २७ ते ३१ द्वीपकल्प, १-२ फेब्रुवारी परतीचा ड्रेक, ३ ला सकाळी उशुआया. त्याच दुपारी ब्युनोस आयर्स, ४ ला मुक्काम, ५ ला उड्डाण, ७ ला रविवारी मुंबई. आठवड्याचे सहा दिवस शाळा धरली आणि २६ जानेवारी वजा केली तर मुलीचे १५ दिवस बुडतात.

उशुआयातल्या दोन रात्री एजंटाने उधळपट्टी म्हणून काढून टाकायला सुचवल्या होत्या. त्या काढायच्या नाहीत. अर्जेंटिनात विमान कर्मचाऱ्यांचे संप नवे नाहीत, उशुआयाच्या वाऱ्याने विमानं रखडतात, आणि बॅगा तर माणसांपेक्षा सावकाश येतात. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि पुढच्या बंदरात गाठायचं म्हटलं तर पुढचं बंदरच नाही. दुसरी नेहमीची चूक: आंतरराष्ट्रीय विमान एसेइसा विमानतळावर उतरतं, उशुआयाचं विमान बऱ्याचदा शहरातल्या एरोपार्केहून सुटतं. मध्ये सगळं शहर आडवं येतं. एकाच दिवशी तीन तासांचं अंतर ठेवून दोन्ही तिकिटं काढणारे तिथेच अडकतात. देशांतर्गत विमानात बॅगेची मर्यादा कमी असते. ती तिकिटावर पाहून जास्तीचं वजन आधीच विकत घ्यावं.

परतीच्या दिवशी जहाज सकाळी लागतं, पण दुपारी बाराच्या आतलं विमान काढू नये.

पिवळ्या तापाची लस आणि बाकी कागद

हा मुद्दा बहुतेक घरं शेवटच्या महिन्यात ऐकतात. उशुआया एवढं थंड, मग पिवळा ताप कसला, असं वाटतं. पण नियम भारताचा आहे: पिवळ्या तापाच्या देशांची आपल्या आरोग्य मंत्रालयाची यादी देशवार आहे आणि तीत अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे तिन्ही आहेत. प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस अधिकृत केंद्रावरच घ्यायची, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं.

साठी ओलांडलेल्यांना पहिल्यांदाच ही लस देताना गंभीर दुष्परिणामांचा धोका किंचित जास्त असतो. त्यामुळे आजींसाठी डॉक्टरांचं मत ऑक्टोबरातच घ्यायचं. लस नको असं ठरलं तर वैद्यकीय सूट असल्याचं पत्र सोबत ठेवायचं आणि तरीही विमानतळ आरोग्य अधिकारी थांबवू शकतात हे धरून परतीनंतरचे सहा दिवस मोकळे ठेवायचे. आजींसोबत थांबायला कोण, हेही आधी ठरवलेलं बरं. आईची रजा ७ फेब्रुवारीला संपते.

अर्जेंटिनाचा व्हिसा घेताना एकापेक्षा जास्त प्रवेशाची सोय हवी, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं. अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना अर्जेंटिनाने २०२५ मध्ये सवलत दिली आहे. घरातल्या एकाकडे तो असेल आणि तिघांकडे नसेल तर दोन वेगळ्या वाटांनी काम करावं लागतं.

विम्याच्या कागदात 'वैद्यकीय स्थलांतर' हा शब्द असून भागत नाही. अंटार्क्टिका त्या भौगोलिक व्याप्तीत आहे का, ६७ वर्षांच्या व्यक्तीला आणि आधी ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तो लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यायचं. जहाजावर डॉक्टर असतो. पण मोठं काही झालं तर जवळचं रुग्णालय सुमारे हजार किलोमीटरवर, आणि तिथवर नेणं हवामानाच्या हातात.

पैशांचा क्रम: आरक्षणाला साधारण पाव रक्कम, उरलेली प्रस्थानाच्या ९० ते १२० दिवस आधी. १२० दिवस धरले तर २६ सप्टेंबर, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर रद्द केलं तर बहुतेक रक्कम जाते, म्हणून आजींच्या गुडघ्याच्या डॉक्टरांचा होकार आणि विम्याचं लेखी उत्तर गणपतीच्या आधी हातात हवं. हप्ता डॉलरमध्ये असतो. रुपयाचा भाव आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर पैसे भरतानाच घेतला जाणारा कर) धरून थोडी जास्तीची तरतूद ठेवायची.

सामानात काय चुकतं

बहुतेक जहाजं जाड जॅकेट देतात आणि उंच रबरी बूट वापरायला देतात. बुटाचा नंबर जाड मोजे घालून मोजून कळवायचा. जे देत नाहीत आणि लोक विसरतात ते म्हणजे पाणी न शिरणारी बाहेरची पँट. जीन्स घालून झोडियाकमध्ये बसलेला माणूस दहा मिनिटांत भिजतो आणि पुढचे दोन तास कुडकुडतो. आतले थर लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे, सुती नको. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण एक ओली होतेच.

जहाजावर सर्वांचे बाहेरचे कपडे आणि बॅगा तपासल्या जातात. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढावं लागतं. सिंहगडाला वापरलेली बॅग नेणार असाल तर घरीच शिवणीपर्यंत ब्रशने साफ करा, व्हॅक्यूम करा. पक्ष्यांमधल्या फ्लूमुळे किनाऱ्यावर बसणं, गुडघा टेकणं, बॅग जमिनीवर ठेवणं सध्या मना आहे. वाकून फोटो काढायचा तर उकिडवं बसावं लागतं, बूट तेवढे जमिनीला लागले पाहिजेत. वडिलांनी याचा सराव आजींबरोबर जिन्यावरच करून घ्यावा. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर; पेंग्विन स्वतः जवळ आला तर आपण मागे सरायचं, वाट त्याची. खाण्याचं काहीही किनाऱ्यावर न्यायचं नाही, त्यामुळे चिवडा-लाडवांचा डबा केबिनमध्येच. तोही कारखान्यात सीलबंद झालेला असावा. सुटं धान्य किंवा बियाणं अर्जेंटिनाच्या सीमेवर काढून घेतात. शाकाहाराची नोंद आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यायची, कारण उशुआया सोडल्यावर भाजी घ्यायला बाजार नाही.